कॅसीची गोष्ट वाचू द्यावी का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी सहावीत आहे. फेब्रुवारीत इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात, त्यासाठी शाळेने मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ ही कादंबरी दिली आहे. मी चाळली, तर जाळपोळ, मारहाण, घाण शिव्या. सासूबाई म्हणतात, “लेकराला ही रडकथा कशाला? आणि त्या लोकांशी आपला काय संबंध?” मलाही ते थोडं पटतं. वाचू द्यावी का? दुसरं काही सुचवाल?
— एक आई

उत्तर : वाचू द्या, आणि तिच्याबरोबर तुम्हीही वाचा. नुसतं चाळलं की मारहाण तेवढी डोळ्यांत भरते आणि कॅसी राहूनच जाते.

कादंबरीची नायिका कॅसी लोगन नऊ वर्षांची आहे. साल 1933, ठिकाण अमेरिकेच्या दक्षिणेतलं मिसिसिपी राज्य. शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात पुस्तकं वाटली जातात. तिचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ आपलं पुस्तक उघडतो. आत चिकटवलेल्या तक्त्यात ते आजवर कोणाकोणाला मिळालं याची नोंद असते. नवं होतं तेव्हापासून गोरी मुलं, आणि अवस्था ‘अतिशय वाईट’ झाल्यावर शेवटच्या ओळीत काळं मूल, तेही हिणवणाऱ्या शब्दात लिहिलेलं. तो चिमुरडा पुस्तक जमिनीवर आपटतो आणि त्यावर थयथय नाचतो. बाई दोघा भावंडांना छड्या मारतात. त्याच शाळेत शिकवणारी त्यांची आई मात्र शांतपणे त्या तक्त्यांवर कागद चिकटवायला बसते. माझं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलं. कुठल्या मुलांच्या हाती नेहमी फाटकीच पुस्तकं येतात, हे मी पाहिलेलं आहे. हा प्रसंग मी कितीदा वाचला तरी त्या आईपाशी थांबते.

याला मी रडकथा म्हणणार नाही. या घराची स्वतःची 400 एकर जमीन आहे आणि ती राखण्यासाठी सगळं घर एकजुटीने उभं आहे. टेलर यांनी हे वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींतून लिहिलं. 1977 साली कादंबरीला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं. शिव्या आहेत, जमावाच्या हिंसेचे प्रसंगही आहेत. तिथे मुलीला एकटीला सोडू नका, एवढंच.

पण तुमच्या शंकेतली एक गोष्ट मला शंभर टक्के मान्य आहे. मुलीच्या हाती याच विषयाची पाच पुस्तकं आली आणि पाचांतही नुसता अत्याचारच असला, तर काळं मूल म्हणजे मार खाणारं मूल, असं तिच्या मनात बसेल. कृष्णवर्णीय लेखक हे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी जानेवारी 1920 मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ हे मुलांचं मासिक काढलं, ते काळ्या मुलांना स्वतःचा अभिमान वाटावा म्हणूनच. जेसी फॉसेट त्याचं संपादन पाहत. पुढे नामवंत झालेला कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज, त्याच्या अगदी सुरुवातीच्या कविता त्यात छापून आल्या. दोनच वर्षं चाललं ते.

म्हणून जोडीला जेरी क्राफ्ट यांची ‘न्यू किड’ आणा. ही चित्रकादंबरी आहे. चित्रं काढण्याचं वेड असलेला जॉर्डन बड्या खासगी शाळेत जातो, तिथे शिक्षक काळ्या मुलांना एकमेकांच्या नावांनी हाका मारतात. आणि शाळेच्या पुस्तक-प्रदर्शनात काळ्या मुलांसमोर दुःख-दारिद्र्याचीच पुस्तकं कशी ठेवली जातात, याची लेखकाने मस्त टर उडवली आहे! घरात आणखी लहान कोणी असेल तर डेरिक बार्न्स यांचं ‘क्राउन’ हे चित्रांचं पुस्तक घ्या. एक मुलगा केस कापून घेतो आणि राजासारखा बाहेर पडतो. बस, एवढीच गोष्ट, आणि ती पुरेशी आहे.

आता सासूबाईंचा प्रश्न. संबंध आहे, आणि जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. 1946 मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, त्यांचं उत्तरही आलं. शिवाय स्थलांतराच्या ज्या 1965 च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेची दारं खऱ्या अर्थाने उघडली, तो नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या काळातच झाला. काळ्या लोकांनी रस्त्यावर सोसलं, त्याचा लाभ एडिसनमधल्या आपल्या घरांनाही झाला आहे. हे मुलीला घरातूनच कळायला हवं.

सासूबाईंसाठीही एक पुस्तक सुचवते. जॅकलिन वुडसन यांचं ‘ब्राउन गर्ल ड्रीमिंग’. त्यांनी आपलं बालपण छोट्या छोट्या कवितांतून सांगितलं आहे. साउथ कॅरोलिनातलं आजोळ, आजोबांची बाग, मग ब्रुकलिन. रोज रात्री दोन-तीन कविता मुलीने आजीला वाचून दाखवाव्यात आणि मराठीत समजावून सांगाव्यात. आजोळाबद्दल बोलायला आजीकडेही पुष्कळ असेल.