मणक्याला मार लागलेल्या भावाला घरी कोणता व्यायाम द्यावा?

पाच महिने झाले, पायांत हालचाल नाही, फिजिओ आठवड्यातून एकदा येतात आणि एरवी घरचे पाळीपाळीने पायांना मालीश करतात, असं तुम्ही लिहिलंय, आणि तो कधी चालेल असंही विचारलंय. हलक्या हाताने मालीश केल्याने बिघडत काही नाही, पण सगळी मेहनत त्यातच संपतेय. मी स्वतः डी8चा पॅराप्लेजिक (पाठीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर दुखापत, दोन्ही पाय लुळे), बडोद्याचा. माझं ऐकाल तर आता भावाचे खांदे सांभाळा.

व्हीलचेअर ढकलताना, हातांवर अंग उचलून पलंगावर सरकताना छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू दिवसभर राबतात. मागचे तसेच राहतात. मग खांदे पुढे झुकतात आणि हात वर नेला की आत घासतं, दुखतं. म्हणून ढकलायचे नाही, ओढायचे व्यायाम हवेत. माझा थेराबँड, म्हणजे व्यायामाचा ताणणारा रबरी पट्टा, खिडकीच्या गजाला छातीच्या उंचीवर कायमचा बांधलेला असतो. व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे, कोपरं अंगालगत ठेवून मागे ओढायचं, खांद्यामागची पाती जवळ आली पाहिजेत, आणि सोडताना ओढण्यापेक्षाही सावकाश. दहा-दहाचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. आमचं बडोदं जुम्मादादा व्यायाम मंदिराचं गाव, त्यामुळे 'मुद्गल फिरव रे' म्हणणारे काका घरोघरी. त्यांना हो म्हणायचं आणि डोक्यावरून वजन फिरवायचं नाही. खांदा गेला तर पलंगावरून उतरायचीही पंचाईत.

दम लागेल असाही व्यायाम हवा. मणक्याच्या दुखापतीसाठीच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आठवड्यातून दोनदा किमान 20 मिनिटं सांगितली आहेत, हृदय आणि साखरेसाठी तीनदा 30 मिनिटं. मी सकाळी कमाटीबागेत व्हीलचेअर चालवतो. चाकाला लांब, संथ रेटा द्यायचा आणि हात खाली सैल सोडायचा. भराभर छोटे झटके नकोत. दुखापतीच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, म्हणून अंग लवकर तापतं. एप्रिल-मेमध्ये बाग विसरायची, घरात पंख्याखाली, मानेवर ओला नॅपकिन.

पायांचे सांधे रोज हलवा, पण झटका बिलकुल नको. वजन न पेलणारी हाडं पोकळ होतात, विशेषतः गुडघ्याच्या आसपास, आणि मोडलं तरी त्याला दुखणार नाही. एक पाय सुजला, गरम लागला तर थेट डॉक्टर: हाड मोडलेलं असेल किंवा रक्ताची गाठ.

बसलेला असताना दर 15 ते 30 मिनिटांनी पुढे वाकून दोनेक मिनिटं बैठकीवरचा भार काढायचा, रात्री आरशात कातडी बघायची. लालसर डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या जागेवर अजिबात बसवू नका.

डिस्चार्ज पेपरवर लेव्हल (दुखापतीची पातळी) डी6 किंवा त्याच्या वरची, म्हणजे मानेच्या दिशेची, असेल तर आणखी एक. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल, कपाळावर घाम: ताबडतोब ताठ बसवा, कपडे-पट्टे सैल करा, कॅथेटर (लघवीची नळी) मुडपलंय का, लघवी तुंबलीय का ते बघा. अशांचा वरचा बीपी एरवी 100 च्या आसपास असतो, त्यामुळे 140 सुद्धा त्याला जास्त. उतरला नाही तर वाट न बघता हॉस्पिटल.

'कधी चालेल' हे दुखापत पूर्ण आहे की अपूर्ण, म्हणजे तिच्या खाली काही संवेदना किंवा हालचाल उरली आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. पेपरवर लेव्हलपुढे ए ते डी असं अक्षर असेल, ते काय आहे ते कळवा.