वाचकांचे प्रश्न : अडलेला अर्ज आणि थांबलेली फाईल

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्या वडिलांचे गेल्या वर्षी निधन झाले. त्यांच्या नावावरील कोरडवाहू जमिनीवर आई, धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांची वारस नोंद व्हावी म्हणून आम्ही महिनाभरातच मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि सातबारा यांसह तलाठी कार्यालयात अर्ज दिला. त्यानंतर ‘साहेब मीटिंगला गेले आहेत’, ‘सर्व्हर बंद आहे’, ‘तुमचा कागद सापडत नाही, पुन्हा आणून द्या’ अशी उत्तरे ऐकत भाऊ हेलपाटे घालतो आहे. नाव लागत नाही तोवर त्याला पीककर्जही मिळत नाही. तक्रार करावी असे मला वाटते, पण तक्रार केली तर काम कायमचे अडेल, ही आईची भीती आहे. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ असे म्हणून गप्पच बसायचे का?
— एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : गप्प बसू नये, हे आधी स्पष्ट सांगतो. आईंची भीती मात्र निराधार नाही. ज्याच्याकडे काम आहे त्याच्याच विरुद्ध लिहायचे म्हटले की गावाकडे भल्याभल्यांचे हात थांबतात, कारण उद्या पुन्हा त्याच दारात उभे राहायचे असते. म्हणून तक्रारीच्या अगोदरची एक पायरी सांगतो. बहुतेक लोक ती गाळतात आणि पुढे तिथेच अडकतात.

भावाने अर्ज दिला तेव्हा पोच घेतली होती का? आपल्या पत्रात पोचेचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने जमिनीत हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते आणि अशी वर्दी मिळताच तलाठ्याने तिची लेखी पोच तत्काळ द्यायची असते. पोच देणे ही मेहेरबानी नव्हे, ते कायद्याने सांगितलेले काम आहे. पोच नसलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी दिलेलाच नसतो. तो कपाटात असो, टेबलावर असो वा हरवलेला असो, त्याच्यासाठी कोणालाही जाब द्यावा लागत नाही. ‘कागद सापडत नाही, पुन्हा द्या’ हे उत्तर इतक्या सहजपणे दिले जाते ते याच कारणाने.

तेव्हा अर्ज नव्याने, दोन प्रतींत लिहा. त्यात कोणावरही आरोप करू नका. ‘यापूर्वी अमुक महिन्यात अर्ज दिला होता, त्यावर नोंद झालेली दिसत नाही, सोबत कागदपत्रे पुन्हा जोडली आहेत’ एवढेच लिहा, जोडलेल्या कागदांची यादी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का व तारीख घ्या. प्रत्यक्ष घेण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. वारस नोंदीसाठी ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्ज करण्याचीही सोय आहे आणि तिथे अर्ज क्रमांक आपोआप मिळतो. भावाला संगणकाची सवय असेल तर मी याच मार्गाला पसंती देईन.

पुढचा क्रमही माहीत असू द्या, म्हणजे काम कोणत्या टप्प्यावर थांबले आहे ते ओळखता येईल. वारसांची चौकशी होऊन ती वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये येते. मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, धरला जातो. हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर नावे लागतात. म्हणून पुढच्या वेळी ‘आमचे काम झाले का’ असे विचारू नये, ‘फेरफार क्रमांक काय पडला आणि नोटीस कोणत्या तारखेला निघाली’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘बघतो’ हे उत्तर चालून जाते, दुसऱ्याला चालत नाही.

एवढे करूनही हालचाल झाली नाही, तर पोचेची प्रत जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याच वेळी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती मागा. त्या अर्जात ‘विलंब का झाला’ असे विचारू नका, कारण कारणे विचारली की ‘अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असे उत्तर हाती पडते. आपल्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली त्याच्या नोंदींच्या प्रती मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. पण माझा अनुभव असा, की पुष्कळदा उत्तर देण्याऐवजी कामच करून टाकलेले बरे, असा विचार होतो आणि फेरफार निघतो. कोणी पैशांची मागणी केली तर मात्र हा सारा क्रम बाजूला ठेवून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे. तिथे संकोच करू नये.

एक गोष्ट आईंना सांगा. एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सज्जांचा, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतील गावांच्या गटांचा, कार्यभार असणे आज सर्रास आढळते आणि पंचनामे, पीक पाहणी, निवडणुकीची कामे त्याच माणसाच्या अंगावर असतात. तारीखवार पोच असलेला अर्ज अशा माणसालाही सोयीचा असतो, कारण आधी कोणते काम हातात घ्यायचे, ते त्याला ठरवता येते. त्यामुळे पोच मागण्यात भांडण नाही.

प्रश्न : मुलीच्या प्रवेशासाठी अधिवास प्रमाणपत्र हवे होते. सेवा केंद्रात शंभर रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येक झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही मागितली. हे आवश्यक आहे का?
— एक पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. जात, उत्पन्न, रहिवास यांसारख्या दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. शिवाय जिथे कायद्याने प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलेले नाही तिथे स्वयंघोषणापत्र आणि स्वतःच्या सहीने साक्षांकित केलेल्या प्रती स्वीकाराव्यात, असा शासन निर्णय २०१५ मध्ये निघाला. इतक्या वर्षांनंतरही मुद्रांक मागितला जातो, याचा मला मनापासून संताप येतो, कारण हा भुर्दंड नेमका रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाच्या माथी बसतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिवास प्रमाणपत्र पंधरा दिवसांत मिळायला हवे. अर्जाच्या पोचेवर विशिष्ट क्रमांक आणि मुदत असते. मुदत टळली, किंवा योग्य कारणाशिवाय अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांच्या आत त्याच खात्यातील प्रथम अपील अधिकाऱ्याकडे, नंतर द्वितीय अपील अधिकाऱ्याकडे आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ही रक्कम फार थोडी आहे, असे माझे मत आहे. तरीही नावानिशी ठपका बसणे कोणालाच नको असते, म्हणून अपील करणे व्यर्थ जात नाही. सेवांची यादी, मुदत आणि अपील अधिकाऱ्याचे पदनाम कार्यालयाच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे; आधी तो फलक पाहावा.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षा देऊन एका जिल्हास्तरीय कार्यालयात लिपिक म्हणून रुजू झालो. लोकांची कामे करावीत या उमेदीने आलो होतो. प्रत्यक्षात साध्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या देयकाची फाईल पाच टेबलांवरून जाते आणि ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येते. वरिष्ठ कार्यालयाला एकच माहिती निरनिराळ्या तक्त्यांत ‘आजच, अतितातडीचे’ म्हणून पाठवावी लागते आणि त्यात अर्जदारांची कामे मागे पडतात. मी काही सुचवले की ‘घाई करू नकोस, अंगाशी येईल’ असे ज्येष्ठ सहकारी सांगतात. बाहेरचे लोक आम्हाला कामचुकार म्हणतात. मीही हळूहळू तसाच होईन का, ही भीती वाटते.
— एक कर्मचारी, विदर्भ

उत्तर : आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. मी स्वतः नोकरीतील सारी वर्षे अशाच टेबलांमागे काढली आहेत, त्यामुळे आपण लिहिलेला एकही शब्द मला अतिशयोक्त वाटला नाही.

फाईल पाच टेबलांवरून का जाते, हे आधी समजून घ्या. लिपिकाने टिप्पणी लिहायची, खाली ‘मान्यतेस्तव सादर’ असे लिहून सही करायची. अव्वल कारकुनाने त्याखाली, त्यांच्या वरच्यांनी आणखी खाली सही करायची. अशी टिप्पणी जरा निरखून पाहा. पाच सह्यांपैकी कायदा किंवा नियम तपासल्याची खूण बहुधा एकाच ठिकाणी, म्हणजे सर्वांत खालच्या माणसाच्या मजकुरात असते. उरलेल्या सह्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर जबाबदारी वाटली जावी म्हणून झालेल्या असतात. निर्णय घेतला आणि चुकला तर खुलासा मागितला जातो. निर्णय लांबवला तर फारसे कोणी विचारत नाही. विलंबाचे मूळ इथे आहे. आळस हे कारण काही ठिकाणी खरेही असेल, पण मला ते दुय्यम वाटते. रिक्त पदे आणि अतिरिक्त कार्यभार यांनी दुखणे वाढते, पण सर्व पदे भरलेल्या कार्यालयांतही फाईल याच चालीने चालते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. राज्यात बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे, ज्याला सगळे दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ओळखतात. तो २००६ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १० प्रमाणे सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणात पंचेचाळीस दिवसांत आणि गरज असलेल्या प्रकरणात तीन महिन्यांत निर्णय व्हावा. हेतुपुरस्सर विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. त्याच्याच अगोदरचे कलम ९ अधिक महत्त्वाचे असूनही त्याची चर्चा फार कमी होते. कोणाला कोणते अधिकार प्रदान केले आहेत, याची यादी कार्यालयाने प्रसिद्ध करावी आणि अंतिम निर्णयापर्यंत सादर करण्याचे टप्पे तीनहून अधिक नसावेत, असे ते कलम सांगते. आपल्या कार्यालयात अशी यादी आहे का, हे शोधा. प्रतिपूर्तीच्या देयकाला पाच टेबले का लागतात, हा प्रश्न ‘मला असे वाटते’ म्हणून मांडला तर तो उद्धटपणा ठरेल. कलम ९ चा आधार देऊन टिप्पणीत मांडला तर त्यावर कोणाला तरी काहीतरी लिहावे लागेल.

यातले बरेच काही आपल्या राज्यात पूर्वी करून दाखवलेले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना कार्यालयाची बैठक, कागद ठेवण्याची रीत आणि कामाची विभागणी बदलली. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव जुने कर्मचारी अजून घेतात. २०१७ च्या सुमारास पुणे विभागात विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी शून्य प्रलंबितता आणि दैनंदिन निर्गतीची, म्हणजे काम पडून न ठेवता रोजचे रोज निकाली काढण्याची, मोहीम राबवली. या दोन्ही प्रयत्नांत सहा गठ्ठ्यांची जुनी शिकवण कामी आली. करावयाची प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नाश करायचे कागद असे सहा गठ्ठे ज्याच्या टेबलावर खरोखर वेगळे आहेत, त्याला कोणते काम किती दिवसांचे आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. हल्ली सर्व भर ई-ऑफिसवर आहे. मी त्याच्या विरोधात नाही, पण पाच टप्प्यांची फाईल जशीच्या तशी संगणकात नेली, तर पाचही टप्पे संगणकात राहतात आणि छापील नोंदवही भरण्याचे कामही सुटत नाही. आपण लिहिलेला तक्त्यांचा त्रास त्यातलाच आहे.

आपल्या हातात जेवढे आहे तेवढ्यापासून आरंभ करा. टिप्पणी अशी लिहा की वरच्याला दुसरा कागद उघडावा लागू नये : नियम कोणता, तो कसा लागू होतो, रक्कम किती, प्रस्ताव काय. ‘चर्चा करावी’ असा शेरा आला तर त्याच दिवशी चर्चा करा आणि ‘दि. रोजी चर्चा केली, सूचनेप्रमाणे फेरसादर’ अशी ओळ लिहून, तारीख घालून फाईल पुढे पाठवा. अर्जातील त्रुटी एकाच पत्रात, सर्वच्या सर्व कळवा. एकेक त्रुटी काढून अर्जदाराला परत परत बोलावणे ही आपल्या कार्यालयांतील सर्वांत निर्दय सवय आहे आणि ती मोडण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. माहितीच्या तक्त्यांसाठी एक मूळ तक्ता अद्ययावत ठेवा, म्हणजे वरून कोणत्याही नमुन्यात मागणी आली तरी त्यातूनच उतरवता येईल.

आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांचे ‘अंगाशी येईल’ हे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी अंगाशी ते खरोखर आलेले असते. कोणत्या प्रकरणात, कोणता नियम सुटल्यामुळे आले, हे त्यांना विचारा आणि तो नियम, त्याचे शासन निर्णय व लेखाआक्षेप आपल्या स्थायी आदेशांच्या गठ्ठ्यात लावून ठेवा. पुढच्या खेपेला प्रतिपूर्तीचे देयक आले की टिप्पणीत तोच नियम उद्धृत करा, कलम ९ खालील अधिकारप्रदानाची प्रत सोबत जोडा आणि फाईल तिसऱ्या टप्प्यावरच निर्णयार्थ सादर करा.