सूक्ष्मनलिका गेल्या कुठे?

प्रश्न : फळमाशीच्या अंडाशयावर फॅलॉइडिन (ॲक्टिन या तंतू-प्रथिनाला चिकटणारे रंगद्रव्य) आणि ट्युब्युलिनची (सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात त्या प्रथिनाची) अँटिबॉडी एकत्र वापरली. ॲक्टिन स्पष्ट दिसते, पण अंडपेशीत सूक्ष्मनलिकांऐवजी नुसती धूसर झाक येते. अंडपेशीच्या वाढीच्या नवव्या टप्प्यात तर नलिका जिथून फुटतात ते केंद्रही सापडत नाही. कुठे चुकते आहे?

उत्तर : अंडाशय बर्फावर काढत असाल, तर पहिला घोटाळा तिथेच. गारठ्याने सूक्ष्मनलिका काही मिनिटांत विरतात. ॲक्टिनला तेवढा धक्का बसत नाही. माश्यांना कार्बन डायऑक्साइडने भूल द्या, अंडाशय ज्यात काढता तो द्रव 25 अंश सेल्सिअसला ठेवा आणि दहा मिनिटांत उरकतील इतक्याच माश्या एका वेळी घ्या.

धूसर झाक आहे ती नलिकांत न जोडलेल्या, सुट्या ट्युब्युलिनची. अंडाशयाच्या नळ्या सुईने मोकळ्या करून 1 टक्का ट्रायटन (पेशीपटल सच्छिद्र करणारे डिटर्जंट) घातलेल्या बीआरबी80 या, सूक्ष्मनलिका टिकवणाऱ्या बफरमध्ये तासभर, न हलवता ठेवा, म्हणजे ती धुऊन जाईल. मग उणे 20 अंशांच्या मेथॅनॉलमध्ये 15 मिनिटे. यात नाजूक नलिका थोड्याफार जातातच. शिवाय मेथॅनॉलनंतर फॅलॉइडिन चिकटत नाही, म्हणून ॲक्टिनसाठी वेगळा गट करून 4 टक्के फॉर्माल्डिहाइडमध्ये 20 मिनिटे ठेवा. दोन्ही एकाच स्लाइडवर हवे, हा हट्ट सोडलेला बरा.

केंद्र न सापडणे ही मात्र चूक नव्हे. सहाव्या टप्प्यापर्यंत ते अंडपेशीच्या मागच्या टोकाला असते आणि तिथून निघालेल्या नलिका वलय-मार्गांतून (पेशींना जोडणाऱ्या गोल छिद्रांतून) अंडपेशीला पोसणाऱ्या 15 पोषक पेशींपर्यंत पोचतात. सातव्याच्या सुमारास अंडपेशीभोवतीच्या, मागच्या आवरण-पेशींकडून इशारा येतो, नलिकांचे केंद्र मोडते आणि पेशीचे केंद्रक (न्यूक्लियस) पुढच्या कोपऱ्यात सरकते. मग नलिका पुढच्या व बाजूच्या कडांवरून उगवतात : पुढे दाट, मागे विरळ. त्यांची धन टोके (वाढणारी टोके) सगळी मागे वळलेली असतील अशी अपेक्षा ठेवू नका. कल किंचितच असतो, पण ऑस्कर या जनुकाचा आरएनए मागच्या टोकाला नेऊन पोचवायला कायनेसिनला (नलिकांवरून माल वाहणाऱ्या प्रथिनाला) तेवढा पुरतो.

याच काळात आतले ॲक्टिनचे विरळ जाळे पेशीद्रवाची घुसळण मंद ठेवते. स्पायर किंवा कॅपुचिनो जनुक बिघडले की जाळे बनत नाही, जोरदार घुसळण वेळेआधी सुरू होते आणि ऑस्कर मागे टिकत नाही. निरोगी अंडपेशीतही 10-ब टप्प्यानंतर हे जाळे शोधू नका, ते तेव्हा विरते. त्याआधीच्या टप्प्यांत पाहताना सूक्ष्मदर्शकाचा गेन (संकेत वाढवण्याची पातळी) बराच वाढवावा लागतो. कडेचे ॲक्टिन पांढरेफटक झाले तरी चालेल.