ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला मोठे टायर बसवले तर ओढण्याच्या क्षमतेवर काय परिणाम होतो?

आपण दिलेली माहिती अशी आहे: फोर-बाय-फोर पिकअप, मूळचे २६५/७० आर १७ टायर (रुंदी २६५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची), एक्सलचा रेशो ३.७३ (म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ३.७३ वेळा फिरतो), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे बॉलवर जोडायचा, भरल्यावर सुमारे २,८०० किलो होणारा दोन एक्सलचा ट्रेलर. कच्च्या रस्त्यावर पोट घासू नये आणि गाडी भारदस्तही दिसावी म्हणून ३१५/७० आर १७, म्हणजे सगळे ज्यांना ‘पस्तीस इंची’ म्हणतात ते टायर बसवावेत का, आणि बसवल्यास ट्रेलर पूर्वीसारखाच ओढला जाईल का, असे आपण विचारले आहे. टायर बसतील आणि ट्रेलरही ओढला जाईल, पण पूर्वीसारखा नाही. जिचे मुख्य काम ट्रेलर ओढणे हेच आहे अशा गाडीला क्राउन-पिनियन (एक्सलमधली, हा रेशो ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) न बदलता एवढे मोठे टायर मी लावणार नाही.

कारण साध्या गणितात आहे. २६५/७० आर १७ या टायरचा व्यास सुमारे ८०३ मिमी भरतो आणि ३१५/७० आर १७ चा सुमारे ८७३ मिमी. म्हणजे नवे चाक ८.७ टक्के मोठे आहे. इंजिनकडून एक्सलपर्यंत येणारा टॉर्क तेवढाच राहतो, पण तो आता लांब त्रिज्येच्या टोकाशी जमिनीला लागतो, त्यामुळे रस्त्यावर प्रत्यक्ष मिळणारी ओढ सुमारे आठ टक्क्यांनी घटते. टायर मोठा केला की आपण नकळत गाडीचा गिअर उंच केलेला असतो. ३.७३ ला १.०८७ ने भागल्यास ३.४३ येते, आणि नव्या टायरवर आपली गाडी त्याच रेशोची असल्यासारखी वागते.

हा आकडा घेऊन गाडीच्या निर्मात्याचा ओढक्षमतेचा तक्ता उघडावा. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, चासी तीच असूनही एक्सलच्या रेशोनुसार किती वजन ओढता येईल याची मर्यादा बहुतेक तक्त्यांत वेगवेगळी दिलेली असते, आणि रेशोचा आकडा लहान होईल तशी ती मर्यादा बहुधा खाली येते. आपण आजवर ३.७३ ची ओळ वाचत होता. मोठे टायर बसवल्यावर ३.४३ ची किंवा तिच्याखालची सर्वांत जवळची ओळ वाचायला हवी. त्या ओळीतही २,८०० किलोला भरपूर जागा शिल्लक असेल तर चिंतेचे कारण बरेच कमी होते. जागा जेमतेम असेल, तर पुढचे सगळे वाचण्याआधीच निर्णय झाला असे समजावे, कारण तो तक्ता मूळ मापाचे टायर गृहीत धरून केलेला असतो आणि मोठ्या टायरचे जादा वजन त्यात धरलेले नसते.

सपाट रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही, आणि म्हणूनच अनेकांची फसगत होते. डायरेक्ट गिअरमध्ये (इंजिन आणि शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात त्या गिअरमध्ये) ताशी ८० किमी वेगाला जुन्या टायरवर इंजिन मिनिटाला सुमारे १,९७० फेऱ्यांवर चालत असेल, तर नव्या टायरवर ते १,८१५ च्या आसपास येते. रिकाम्या गाडीला ही शांतता सुखाची वाटते. मागे पावणेतीन टन असताना लांब चढ लागला की त्याच दीडशे फेऱ्यांची उणीव भासते: इंजिन आपल्या जोराच्या पट्ट्याखाली घसरते, गिअरबॉक्स एक गिअर उतरवतो, थोडा वेग आला की पुन्हा चढवतो, पुन्हा उतरवतो, आणि या धरसोडीत टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलामार्फत जोडणाऱ्या भागाचे) लॉक सारखे सुटत राहते. कन्व्हर्टर सुटलेला असताना ताकदीचा काही भाग तेल घुसळण्यातच जातो आणि तेल तापते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खरा शत्रू उष्णताच असतो. तेलाचे तापमान दीर्घकाळ १२० अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर तेलाचे आयुष्य झपाट्याने कमी होते आणि त्याबरोबर आतल्या क्लचप्लेटांचेही. म्हणून टायर बदलले तरी न बदलले तरी, ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत या तेलाचे तापमान दाखवणारा काटा असावा, असे माझे मत आहे. चढावर टो-हॉल मोड (ओझे ओढताना गिअर लवकर न चढवणारी सेटिंग) लावून खालचा गिअर स्वतः धरून ठेवणे हा तात्पुरता उपाय आहे. त्याने गिअरची धरसोड थांबते, गेलेली ओढ मात्र परत येत नाही. उतारावर हाच हिशेब उलट बाजूने लागू होतो आणि इंजिनचा अटकाव तेवढ्याच प्रमाणात कमी पडतो.

स्पीडोमीटरही चुकतो. काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८७ ने धावत असते, आणि ट्रेलर मागे असताना सात किमी ही किरकोळ बाब नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ३९ जिथे लागू आहे, तिथे स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवणे मुळातच मान्य नाही. संगणकात टायरचे नवे माप भरून घेतल्यावर हा दोष जातो आणि गिअर बदलण्याच्या वेळाही बऱ्याच अंशी सुधारतात. नेमके माप हवे असेल तर तक्त्यावर विसंबू नये. टायरला खडूची खूण करावी, हवा ठरलेल्या दाबाची असावी, गाडीत नेहमीचे ओझे असावे, आणि खूण जमिनीला लागल्यापासून पुन्हा लागेपर्यंत गाडी सरळ ढकलून ते अंतर फीतपट्टीने मोजावे. व्यासावरून काढलेला ३१५ चा परीघ २.७४ मीटर येतो, पण ओझ्याखाली टायर दबत असल्याने मोजलेला आकडा त्याहून थोडा कमी भरतो, आणि संगणकाला हवा असतो तो हाच. जाता जाता एक सांगतो: मोठे टायर लावल्यावर मायलेज फार पडले अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांनी किलोमीटरचा आकडा दुरुस्तच केलेला नसतो. मायलेज घटते हे खरे, पण त्या तक्रारीतला एक हिस्सा केवळ मीटर कमी मोजतो म्हणून दिसतो.

ब्रेकबद्दल फार लिहीत नाही, कारण तत्त्व तेच आहे. पेडल तेवढेच दाबले तरी जमिनीवरची अटकाव-शक्ती आठ टक्क्यांनी घटते, शिवाय प्रत्येक चाक काही किलोंनी जड झाल्याने फिरते वजनही वाढते. ही तूट ट्रेलरच्या ब्रेकवर ढकलण्याचा मोह टाळावा. ट्रेलरच्या ब्रेकचा जोर ठरवणाऱ्या कंट्रोलरवर तो जोर प्रमाणाबाहेर वाढवला, तर ओल्या रस्त्यावर ट्रेलरची चाके आधी लॉक होतात आणि तो आडवा येऊ लागतो.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते तिच्याकडे वळतो, ती म्हणजे उंची. व्यास ७० मिमीने वाढला की गाडी त्याच्या निम्म्याने, म्हणजे ३५ मिमीने वर येते. ३१५ चे टायर पुढच्या मडगार्डला घासू नयेत म्हणून लोक बहुधा लिफ्ट किटही बसवतात; ते ५० मिमीचे धरले तर हिचचा बॉल एकूण ८५ मिमी वर जातो. बॉल वर गेला की ट्रेलरचे नाक वर उठते, आणि सामानासह सगळा भार मागे सरकून ट्रेलर उलाळ होऊ लागतो. बॉलवर जोडायच्या अशा जड ट्रेलरच्या दांड्याचा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्या ट्रेलरसाठी तो २८० ते ४२० किलो होतो. हा भार दंडकाच्या खाली गेला की जोराचा वारा किंवा शेजारून जाणारे मोठे वाहन एवढ्याशा कारणानेही ट्रेलर झोके घेऊ लागतो. शिवाय नाक वर असताना दोन एक्सलपैकी मागच्यावर जास्त ओझे येते. पाट्यांच्या ट्रेलरमध्ये दोन एक्सलना जोडणारा दुवा हा फरक बराचसा वाटून घेतो, परंतु रबर-टॉर्शनच्या एक्सलमध्ये तसा दुवा नसतो आणि मागच्या दोन टायरांवर क्षमतेपेक्षा अधिक भार पडू शकतो.

उपाय सोपा आहे, फक्त तो मोजून करावा लागतो. सपाट जागेवर ट्रेलर नेहमीच्या सामानासह जोडून उभा करावा आणि त्याच्या चासीची जमिनीपासूनची उंची अगदी पुढे व अगदी मागे मोजावी. दोन्ही आकडे सारखे असावेत. पुढचा आकडा किंचित कमी चालेल, जास्त मुळीच चालणार नाही. जेवढा फरक येईल त्या हिशेबाने खाली उतरणारा बॉल माउंट घ्यावा आणि त्यावर कोरलेली वजनाची मर्यादा वाचूनच घ्यावा. ट्रेलरलाच मोठी चाके लावून तो उंच करण्याच्या वाटेला जाऊ नये. त्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि एका अडचणीच्या दोन होतात. आपण भार वाटणारा, स्प्रिंग-बारचा हिच वापरत असाल, तर उंची बदलल्यावर त्याची जुनी जोडणी निरुपयोगी ठरते आणि हेडचा कोन व साखळीच्या कड्या पुन्हा नव्याने लावाव्या लागतात. पुढच्या मडगार्डची उंची ट्रेलर जोडण्याआधी, जोडल्यावर आणि बार ताणल्यावर अशी तीनदा मोजून हिचच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात ती खाली आणावी, म्हणजे पुढच्या चाकांवरचा गेलेला भार परत येतो.

टायरच्या भारक्षमतेबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो, तो म्हणजे टायर मोठा म्हणजे ताकद जास्त. भारक्षमता टायरच्या कडेवरचा लोड इंडेक्स सांगतो: ११५ म्हणजे एका टायरमागे १,२१५ किलो आणि १२१ म्हणजे १,४५० किलो. १२१ हा आकडा २८५/७० आर १७ या एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांच्या वर्गातल्या) टायरवर मिळतो आणि ३१५/७० आर १७ वरही मिळतो. म्हणजे जादा मापाने येथे काहीच वाढवलेले नसते. हवेच्या दाबाकडेही नीट पाहावे. दारावरच्या स्टिकरमधला दाब मूळ टायरसाठी असतो, आणि मूळ टायर प्रवासी वर्गाचे असतील तर एलटी टायरला तेवढेच वजन पेलण्यासाठी अधिक दाब लागतो. जुनाच आकडा भरून चालवल्यास टायरची भिंत सारखी वाकत राहते, आतून तापते आणि लांबच्या प्रवासात टायर फाटतो. ट्रेलर जोडून वजनकाट्यावर मागच्या एक्सलचे वजन करून घ्यावे आणि टायर-निर्मात्याच्या भार-दाब तक्त्यातून त्या वजनासाठीचा दाब घ्यावा. दांड्याचा भार एक्सलच्या मागे पडत असल्यामुळे मागच्या एक्सलवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त होऊन बसतो, म्हणून येथे अंदाजाने काम भागत नाही.

नक्षीच्या निवडीत मी थोडा कर्मठ आहे. चिखलासाठीच्या मोठ्या बटणांच्या टायरमध्ये रबराचे उंच ठोकळे असतात आणि ते ओझ्याखाली आडवे लवतात. त्यात भिंतही उंच असली की गाडीचे मागचे टोक रस्त्यावर घट्ट बसल्यासारखे वाटत नाही आणि ट्रेलरची प्रत्येक हालचाल स्टिअरिंगपर्यंत पोहोचते. कच्च्या रस्त्यासाठी साधी ऑल-टेरेन नक्षी पुरते.

या सर्वांचा विचार करता आपल्या गाडीसाठी मी २८५/७० आर १७, एलटी वर्ग, लोड रेंज ई (जास्त दाब आणि भार पेलणारी बांधणी) हे टायर निवडीन. त्यांचा व्यास सुमारे ८३१ मिमी, म्हणजे वाढ केवळ साडेतीन टक्के आणि परिणामी रेशो ३.६० राहतो. गाडी १४ मिमीने उंच होते, लिफ्टची गरज सहसा पडत नाही आणि ट्रेलर किंचित बॉल-बदलाने सरळ होतो. ३१५ च हवे असतील, तर ४.१० चे क्राउन-पिनियन त्याच खर्चात धरावे; ४.१० ला १.०८७ ने भागल्यास ३.७७ येते आणि गाडी जवळपास मूळच्या ओढीवर परतते. गाडी फोर-बाय-फोर असल्याने हे काम पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही एक्सलमध्ये करावे लागते, एकातच केले तर ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटून देणाऱ्या पेटीची) वाट लागते. मात्र रेशो बदलल्याने निर्मात्याने ठरवलेली ओढण्याची मर्यादा कागदोपत्री वाढत नाही, आणि ब्रेकमधली तूटही भरून निघत नाही.

टायर घेण्याआधी रिमची रुंदी पाहावी. ३१५ ला साधारणपणे किमान आठ इंची रिम लागते आणि मूळ रिम साडेसात इंची असेल तर ती चालत नाही. बाहेर जास्त निघालेली रिम घेतल्यास हब बेअरिंगवर जादा ताण येतो, म्हणून ऑफसेट (रिम हबपासून किती आत वा बाहेर बसते ते माप) शक्य तितका मूळच्या जवळ ठेवावा. घासण्याची तपासणी रिकाम्या गाडीवर करू नये. ट्रेलर जोडून, मागचे पाटे दबलेले असताना आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती करावी. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी, कारण फोर-बाय-फोर लावलेले असताना एक चाक लहान असले तर डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केस दोन्ही ताणली जातात. पस्तीस इंची स्टेपनी बऱ्याच गाड्यांच्या हौद्याखालच्या मूळ जागेत मावत नाही, तेव्हा ती कुठे ठेवायची हेही आधीच ठरवावे. हौद्यात ठेवल्यास तिचे वजन दांड्याच्या भारासह गाडीच्या वहनक्षमतेतून वजा करावे लागेल.