"बाबा, अळीला सवय होत नसते" : पोरीला इकॉलॉजी शिकू द्यावी का?

परभणी जिल्ह्यातून, मानवतकडून एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "सर, सहा एकर रान, कापूस अन् तूर. पोरगी लातूरला नीट रिपीट करते. मार्क वाढले पण सरकारी एमबीबीएसला पुरतील असं वाटत नाही. दिवाळीला घरी आली तर मॉक टेस्ट सोडून ५० बोंडं फोडत बसली, १९ मधी अळी निघाली म्हणून वहीत लिहून ठेवलं. आता म्हणते इकॉलॉजी अन् इव्होल्युशन शिकायचं. मी म्हणलं त्यात शिकायचं काय, अळीला औषधाची सवय झाली एवढं मलाही कळतं. तर म्हणे बाबा, अळीला सवय होत नसते. तिथून बोलणं बंद. हे शिकून पोट भरतं का?"

दादा, रामराम.

पोटाचं सांगतोच, पण आधी भांडणाचं. त्यात लेक बरोबर आहे आणि ती कुठं बरोबर आहे हे तुम्हाला कळलं की अर्धा प्रश्न सुटेल.

सवय म्हणजे काय, उन्हात वेचणीला उतरलं की पहिले दोन दिवस गरगरतं, आठवड्याने अंग सरावतं. ते सरावणं त्या माणसापुरतं, त्याच्या लेकराला ते जन्मतः मिळत नाही. गुलाबी अळीचं असं झालंच नाही. बीटी कापसाच्या झाडातच अळी मारणारं विष असतं, ते पोटात गेलं की साधी अळी मरते, सरावायला ती उरतच नाही. पण लाखात एखादी अशी असते की तिच्या जीनमधेच थोडा फरक असतो अन् ते विष तिला लागत नाही. हा फरक विषामुळं तयार झालेला नसतो, आपोआप झालेला असतो, त्याला म्युटेशन म्हणतात. आता रानात सगळी बीटीच, म्हणजे बाकीच्या मरतात अन् ही एकटी जगते, पतंग होते, अंडी घालते, आणि कापसाच्या एका हंगामात तिच्या अशा कितीतरी पिढ्या होतात. काही वर्षांत रानात तिचंच खानदान. ह्याला नॅचरल सिलेक्शन म्हणतात. बीटी कापूस आपल्याकडं २००२ ला आला, दोन जीनवाला २००६ ला, आणि २०१७ ला काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, फुलांच्या डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या न उघडलेली फुलं, अन् वरून चांगलं दिसणारं बोंड फोडलं की आत किडकी सरकी.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं छोटं नॉन बीटीचं पाकीट यायचं आठवतं का? बहुतेकांनी ते बांधावर फेकलं, अन् तुम्हाला दोष नाही देत, ते कशासाठी आहे हे बसून कुणी सांगितलंच नाही. त्या नॉन बीटी ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांनी त्या तगड्या पतंगांशी जुळावं, म्हणजे पिल्लं बहुतांशी मरणारीच निघतील, कारण तो जीन आई-बाप दोघांकडून आला तरच अळी बीटीवर तगते. इव्होल्युशनचा, म्हणजे उत्क्रांतीचा, अभ्यास करूनच कुणीतरी ते पाकीट ठरवलं होतं. आणि फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक पुढं, ठेवू नका म्हणून कृषीवाले ओरडतात तेही ह्याच अभ्यासातून, जानेवारीनंतर पऱ्हाटी उभी राहिली की अळीला उपासच पडत नाही.

पत्रात तुम्ही असंही लिहिलंय की 'हॅबिटॅट' अन् 'निश' ह्यात तिचे मार्क गेले. तिला तुमच्याच रानातलं सांगा. गुलाबी अळी अन् हिरवी अमेरिकन अळी, दोघींचं हॅबिटॅट म्हणजे राहायची जागा एकच, तुमचा कापूस. पण गुलाबी जवळजवळ कापसावरच जगते, बोंडात शिरली की बाहेर निघायचं नाव नाही. हिरवी कापूस खाते, तूर खाते, हरभरा खाते. कोण काय खातं, कधी, कुठं, कसं जगतं, ह्या सगळ्याला मिळून निश म्हणायचं. आणि बघा हे कसं जोडलं जातं, हिरवीच्या साध्या अळ्या तुरीवर हरभऱ्यावर आपोआप टिकून राहतात, तिला ते नॉन बीटी पाकीट निसर्गानेच लावून दिलंय, गुलाबीला ती सोय नाही, म्हणून बीटी गुलाबीपुढं आधी हरलं. मला स्वतःला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा त्या रात्री झोप आली नव्हती. ह्या विषयातल्या 'फिटनेस' ह्या शब्दाचंही तेच, ताकदीचा संबंध नाही, जगतील अशी पिल्लं कोण जास्त मागं ठेवतं एवढाच हिशोब. हे शब्द पाठ करून राहत नाहीत, एकदा रानात दिसले की राहतात.

आता पोटाचं. खरं सांगतो, ही एमबीबीएससारखी ठरलेली वाट नाही. आयसर ह्या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांमधे बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे, पुण्यात पण आहे, त्याला आयएटी नावाची वेगळी परीक्षा लागते अन् त्यात गणिताचे प्रश्न येतात, बायोलॉजी ग्रुपच्या पोरांची तिथंच अडचण होते. बारावी कधी पास झाली ह्याची पण अट असते, ती आजच बघून घ्या. नाहीतर बीएस्सी झूलॉजी, मग एमएस्सी, मग सीएसआयआर नेट ही देशपातळीवरची परीक्षा, त्यात इकॉलॉजी अन् इव्होल्युशनचे स्वतंत्र युनिट आहेत. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली की महिना ३७ हजार, पण ती पीएचडी करण्यासाठी, म्हणजे नोकरी लागेपर्यंत तिशी जवळ येते. घरची तेवढी तयारी आहे का हे तुम्ही दोघांनी बसून बोला, तिच्या माघारी ठरवू नका.

माझा कल मात्र तिसऱ्या वाटेकडं आहे. सीईटी देऊन बीएस्सी ॲग्री, जमलं तर परभणीच्याच कृषी विद्यापीठात, अन् पुढं एमएस्सीला कीटकशास्त्र. गणिताशिवाय प्रवेश होतो, कृषी खात्याची एमपीएससी, कृषी विज्ञान केंद्र, बियाणं कंपन्या असे दरवाजे उघडे राहतात, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, आणि तिला जे आवडतं तेच काम करायला मिळतं. फक्त स्टॅटिस्टिक्सला घाबरून चालणार नाही, ह्या विषयात फिरण्यापेक्षा मोजणं जास्त.

अन् ते तिला येतं की. ५० पैकी १९ लिहून ठेवणं ह्याला सॅम्पलिंग म्हणतात, तिला कुणी शिकवलं नाही तरी तिने केलं. एकच विचारा, ५० बोंडं बांधाकडची घेतली का रानाच्या मधली? एकाच कडेची असतील तर आकडा सगळ्या रानाचा धरता येत नाही. पुढच्या वेळी पाच ठिकाणची दहा दहा घ्यायची, अन् झाड निवडून नाही, डोळे मिटून हात लागेल ते.

नीटची तयारी ह्या वर्षाची पूर्ण करू द्या, सीईटीचा फॉर्म सोबत भरा. आणि बोलणं तुम्हीच सुरू करा दादा, ती वही मागा तिला. मलापण त्या पानाचा फोटो पाठवा, शेवटच्या वेचणीला परत मोजलं असेल तर ते पानही.