रिकव्हरी १०५ टक्के आली, आता शिक्षण सोडू का?

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी समुपदेशनासाठी आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). विषय शाश्वत रसायनशास्त्र. प्रकल्प जुन्या मोबाइल बॅटरीतला कोबाल्ट परत मिळवण्याचा. "मॅडम, माझी रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी परत मिळालेला कोबाल्ट, १०५ टक्के आलीय. गाइड म्हणाले, पुन्हा कर. लॅबमधली बाकीची मुलं इंजिनिअरिंगची, त्यांना मास बॅलन्स, म्हणजे आत-बाहेरच्या वजनाचा ताळेबंद, सहज जमतो. मला नाही जमायचं. घरचे म्हणतायत, बी.एड. कर."

निव्वळ रसायनशास्त्रातून इकडे वळलेल्या मुलांची ही नेहमीची धास्ती. नुसता धीर देऊन ती जात नाही, वही उघडावी लागते.

सरावासाठी तिने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची शुद्ध पूड १० ग्रॅम घेतली होती, म्हणजे कोबाल्ट ६.०२ ग्रॅम. २ मोलर (लिटरला २ मोल; मोल म्हणजे रसायनशास्त्रात कण मोजायचे एकक) सल्फ्युरिक ॲसिड २०० मिली, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड, ८० अंश, दोन तास. गाळलेल्या द्रावणात एएएसवर (धातूचे प्रमाण मोजणारे उपकरण) कोबाल्ट निघाला लिटरला ३१.६ ग्रॅम. ते तिने २०० मिलीने गुणले. आले ६.३२ ग्रॅम, घातल्यापेक्षा जास्त!

"गाळल्यावर द्रावण किती भरलं?" वहीत नोंद नव्हती. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला हे विचारतं कोण? तसाच प्रयोग पुन्हा करून मोजले, तेव्हा १८५ मिली भरले. फ्लास्कवर कंडेन्सर (वाफ थंड करून परत आत सोडणारी नळी) नव्हता. १५ मिली पाणी वाफ होऊन उडाले होते. १८५ने गुणले की ५.८५ ग्रॅम, म्हणजे ९७ टक्के. प्रयोग उत्तम झाला होता, चुकला होता तो एक आकडा.

पुढच्या वेळेसाठी ठरले ते असे: कंडेन्सर लावायचा. पेरॉक्साइड एकदम ओतायचे नाही. फेस येतो आणि काम करण्याआधीच त्याचा ऑक्सिजन निघून जातो. गाळणीवरचा साका थोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन ते पाणी द्रावणातच घ्यायचे, थंड झाल्यावर २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरायचे आणि २५०नेच गुणायचे. एएएससाठी १०,००० पट पातळ करताना १ मिलीचे १०० मिली, असे दोनदा.

मग तिच्यापुढे दुसरा प्रश्न ठेवला: उरलेल्या ॲसिडचं काय? हे गणित तिने स्वतःच केले. पूड ०.१०२ मोल, त्या पुडीला ॲसिड लागते दीडपट, म्हणजे ०.१५३ मोल, घातले ०.४. उरलेले ०.२४७ मोल कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) मारले की सुमारे ३५ ग्रॅम सोडियम सल्फेट हे मीठ. सहा ग्रॅम कोबाल्टसाठी ३५ ग्रॅम मीठ! पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांची हरित रसायनशास्त्राची १९९८ची १२ तत्त्वे तिला तोंडपाठ होती. कचरा होऊच न देणे हे त्यातले पहिले. ते तिला आपल्याच वहीत दिसले तेव्हा ती हसली. त्याच द्रावणातून पुढे लिथियम काढतानाही हेच मीठ आडवे येते. लिथियम कार्बोनेट थंड पाण्यात जास्त विरघळते आणि उकळत्या पाण्यात कमी, म्हणून द्रावण आटवून गरम असतानाच ते काढतात. पण मीठ जास्त असले की आटवताना तेही खाली बसते.

मोलचा हिशेब हा रसायनशास्त्राचाच; इंजिनिअरिंगची मुले त्याला फक्त 'आत किती, बाहेर किती, कशात अडकले' असे रकाने पाडतात. तेवढे रकाने आखायला तिला सांगितले. बी.एड.चा फॉर्म भरायला हरकत नाही, मात्र १०५च्या धक्क्यात नाही. सेमिस्टरचे आणखी तीन प्रयोग होऊ देत, मग घरच्यांसोबत बसू.

पंधरा दिवसांनी आली ती प्रश्न घेऊनच: ॲसिड १ मोलर केले तर उरते जेमतेम ०.०४७ मोल, मीठ ७ ग्रॅमच्या आत. पण मग सगळा कोबाल्ट उतरेल का? ते मात्र गाइडना विचारायचे होते. त्यांची वेळ तिने आधीच घेतली होती.