शाळेत किशोरवयीन मुलांना चांगल्या खाण्याच्या सवयी कशा लावाव्यात?

या वयात भाषणं पोचत नाहीत, हातात काम द्या. थंड पेयाची रिकामी बाटली वर्गात आणा, लेबल मुलांनाच वाचू द्या. १०० मिलीत १० ग्रॅम साखर असेल, तर ५०० मिलीच्या बाटलीत ५० ग्रॅम! चमचा ४ ग्रॅमचा धरून ती त्यांनीच ग्लासात मोजून ओतावी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २००० कॅलरींच्या आहारात दिवसभरासाठी साधारण तेवढीच आहे, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

वजनावरून मात्र कुणालाही बोलू नका, कौतुकानंसुद्धा नाही. त्यातून काही मुलं जेवण टाळू लागतात, आणि हाडं भरण्याची, मुलींना लोह जास्त लागण्याची नेमकी हीच वर्षं. कँटीनमध्ये तीच बाटली विकली जात असेल, तर आधी ती काढा.